पिट्स एस-१सी साठी इंजिन: १५० चं ओ-३२० घ्यावं की २०० चं आयओ-३६०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेत कुणीतरी अर्धवट सोडलेला पिट्स एस-१सी चा, म्हणजे हवाई कसरतींच्या छोट्या दुपंखी विमानाचा, सांगाडा तुम्ही घेतलाय. पंख खालून सपाट, एलेरॉन (विमान कुशीवर वळवणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) फक्त खालच्या पंखांना. लायकमिंगची दोन इंजिनं हाताशी आहेत. एक सेसना १७२ मधून उतरवलेलं ओ-३२०-ई२डी, १५० हॉर्सपॉवर. दुसरं अँगल-व्हॉल्व्ह (तिरक्या व्हॉल्व्हचं) आयओ-३६०, २०० हॉर्सपॉवर, सोबत कॉन्स्टंट-स्पीड (पात्यांचा कोन आपोआप बदलणारा) धातूचा प्रोपेलर. कोणतं बसवू?

माझ्या मते दोन्ही नकोत. पॅरलल-व्हॉल्व्ह (समांतर व्हॉल्व्हचं) ३६० शोधा, १८० हॉर्सपॉवरचं, सॉलिड क्रँकचं (भरीव क्रँकशाफ्टचं), आणि त्यावर फिक्स्ड-पिच (पात्यांचा कोन न बदलणारा) प्रोपेलर लावा. कारखान्यात बनलेल्या एस-१एस ला हीच जोडी होती, एईआयओ-३६०-बी४ए आणि फिक्स्ड-पिच. घरी बांधणाऱ्याला हे जुन्या बाजारात बहुतेक वेळा पायपर चेरोकी १८० मधून काढलेलं ओ-३६०-ए४ए म्हणून सापडतं. त्याचा क्रँक सॉलिड असतो.

२०० चं का नको, ते आधी सांगतो, कारण मोह तिथेच होतो. ताकद फक्त २० हॉर्सपॉवरने वाढते. वजन मात्र अँगल-व्हॉल्व्हच्या मोठ्या हेडमुळे १५ ते २० किलोने वाढतं, वर कॉन्स्टंट-स्पीड प्रोपेलर आणि त्याच्या पात्यांचा कोन सांभाळणारा गव्हर्नर. १८० च्या जोडीपेक्षा नाकावर सहज २५ किलो जास्त येतात. हिशोब करून बघा: विमान पायलटसकट ५०० किलो धरा, हे २५ किलो गुरुत्वमध्यापासून एक मीटर पुढे. गुरुत्वमध्य जवळजवळ ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. एस-१ च्या पंखाची रुंदी ३६ इंच, म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर, म्हणून हे झालं साडेपाच टक्के. एवढ्या छोट्या विमानात तो फरक लँडिंगला फ्लेअर करताना, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, स्टिकवर लगेच कळतो. मग लोक बॅटरी शेपटीकडे नेतात, तरी भागत नाही म्हणून शिसं टाकतात, आणि २० हॉर्सपॉवर तिथेच संपतात. त्यात सपाट पंखाचं विमान उलटं उडताना मुळातच जास्त ड्रॅग खातं. नाक वर धरून ठेवायला तुम्ही जी ताकद लावता, ती इंजिनाने नव्हे तर सिमेट्रिकल (वर-खाली सारख्याच गोलाईच्या) पंखाने वाचते. पैसे उरले तर ते चार एलेरॉनच्या सिमेट्रिकल पंखांवर घाला.

दुसरी बाब प्रोपेलरची, आणि ही मला वजनापेक्षा मोठी वाटते. स्नॅप रोल, लोमचोवाक, फ्लॅट स्पिन अशा कसरतींत विमान झटक्यात दिशा बदलतं, पण फिरणारा प्रोपेलर आपलं फिरण्याचं प्रतल सोडायला तयार नसतो. तो जायरोस्कोपिक भार क्रँकच्या फ्लँजवर आणि तिच्या मागच्या गळ्यावर येतो. जड धातूचा प्रोपेलर, पोकळ क्रँक आणि जोरदार जायरोस्कोपिक कसरती हे तीन एकत्र आले, की क्रँकला तडा जाण्याची खरी भीती असते. तुमच्या २०० वाल्या पॅकेजमध्ये ते तिन्ही आहेत, कारण कॉन्स्टंट-स्पीडला तेल क्रँकमधूनच न्यावं लागतं. म्हणूनच या खेळातले बहुतेक लोक एमटी किंवा हॉफमनसारखे लाकडी गाभ्याचे कॉम्पोझिट प्रोपेलर लावतात. शिवाय तुम्हाला मिळतोय तो प्रोपेलर प्रवासी विमानातला असेल, तर तेलाचा दाब गेल्यावर तो फाइन पिचला (पात्यांच्या कमी कोनाला) जाईल आणि इंजिन ओव्हरस्पीड होईल. कसरतींसाठीच्या प्रोपेलरला पात्यांच्या मुळाशी काउंटरवेट असतात. दाब गेला की तो कोर्स पिचला (जास्त कोनाला) जातो, आरपीएम पडतो, इंजिन वाचतं. त्याचा गव्हर्नरही उलट्या पद्धतीचा लागतो, जुना चालत नाही. तरीही २०० चंच घ्यायचं ठरलं, तर लायकमिंगच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ६ आहे का बघा. ६ म्हणजे क्रँकवर डायनॅमिक काउंटरवेट, कंप शोषणारी हलती वजनं. थ्रॉटल सटासट मागे-पुढे करणाऱ्याला ते नकोच, त्यांचा मेळ बिघडतो. आणि धातूच्या हार्टझेलसोबत २००० ते २२५० आरपीएमच्या पट्ट्यात सतत चालवू नये हे बंधन बऱ्याच जोड्यांना आहे, तेही तपासा.

आता ओ-३२०-ई२डी. इंजिन भलं आहे, ७:१ कॉम्प्रेशनचं, हलकं. कसरतींच्या स्पर्धांतल्या स्पोर्ट्समन गटापर्यंत १५० हॉर्सपॉवरचं एस-१सी मजेत उडतं. अडचण वेगळीच आहे: सेसना १७२ मध्ये पेट्रोल वरच्या पंखातून आपोआप उतरतं, म्हणून या इंजिनाला मेकॅनिकल फ्युएल पंपच नसतो. मागच्या ॲक्सेसरी केसवर पंप बसवायची जागा आणि पंप ढकलणारा एक्सेंट्रिक दोन्ही नसण्याची शक्यता मोठी. तुम्हाला तर इंजेक्शन लागणार आणि त्यासाठी जास्त दाबाचा पंप. म्हणजे ॲक्सेसरी केस आणि आयडलर गिअर बदलणं आलं. शिवाय इंजिन विमानाला जोडणारं माउंट कोनिकल किंवा डायनाफोकल असतं. तुमच्या सांगाड्यावर एका प्रकारचं माउंट वेल्ड केलेलं असेल आणि इंजिन दुसऱ्या प्रकारचं असेल, तर ते बसणारच नाही. फायरवॉलकडे, म्हणजे इंजिनामागच्या आडभिंतीकडे, जाऊन आधी माउंटच बघा. चारही कान समांतर असतील तर कोनिकल, मध्याकडे कललेले असतील तर डायनाफोकल. आणि कुणी ओ-३२०-एच२एडी स्वस्तात देत असेल, तर नम्रपणे नाही म्हणा. १७२एन मधलं ते इंजिन टॅपेट आणि कॅम खाण्यासाठी बदनाम आहे, आणि त्याची मागची रचनाही बाकीच्या ३२० सारखी नाही.

ओ-३२० वरून पॅरलल-व्हॉल्व्ह ओ-३६० वर गेलात तर वजन दहाएक किलोच्या आतच वाढतं, कारण बोअर तोच ५.१२५ इंच, फक्त स्ट्रोक ३.८७५ चा ४.३७५ होतो. इंजिन साधारण एक इंच रुंद होतं, त्यामुळे तयार काउलिंग रॉकर कव्हरला घासतंय का ते माती किंवा मेणाचा गोळा चिकटवून बघा. इंजिन रबर माउंटवर हलतं, म्हणून चहूबाजूंनी किमान अर्धा इंच मोकळा हवा.

नुसतं इंजिन विकत घेऊन भागत नाही. खरं काम तेल आणि पेट्रोलचं आहे.

तेलासाठी क्रिस्टनची इन्व्हर्टेड ऑइल सिस्टीम किंवा तिच्यासारखी दुसरी लागते. ती कशी चालते ते समजून घ्या, म्हणजे बसवताना चुकणार नाही. सम्पमधली (इंजिनाच्या तळातल्या तेलाच्या टाकीतली) सक्शन स्क्रीन काढून तिथे खास फिटिंग लावतात. तेल बाहेर येतं, फायरवॉलवरच्या ऑइल व्हॉल्व्हमधून फिरून परत पंपाकडे जातं. व्हॉल्व्हमध्ये गोळ्या असतात, त्या स्वतःच्या वजनाने वर-खाली पडतात. सरळ उडताना तेल सम्पमधून येतं. उलटं झालं की तेल क्रँककेसच्या माथ्यावर जमतं आणि ब्रीदरच्या (केसमधला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीच्या) वाटेने पंपाकडे ओढलं जातं. केसमधला वायू सेपरेटरमधून बाहेर पडतो, त्याच्यासोबत आलेलं तेल परत सम्पला. व्हॉल्व्ह उभाच बसायला हवा, होज शक्य तितके आखूड, मध्ये कुठेही झोल नको, नाहीतर तिथे तेल साचून पंप हवा ओढतो. गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला तरी उलटं उडताना दाब शून्यावर येतो, म्हणून जुनी सिस्टीम घेतली तर व्हॉल्व्ह उघडून, धुऊन मगच बसवा. नव्वद अंशांवर चाकूसारखं धरून ठेवलं, किंवा उभी रेषा लांबवली, तर दाब पडतोच. तो दोष नाही, सिस्टीम त्यासाठी बनलेलीच नाही. तिथे रेंगाळू नका.

सम्पची क्षमता ८ क्वार्ट (क्वार्ट म्हणजे जवळपास एक लिटर) आहे म्हणून ८ भरू नका. वरचे दोन ब्रीदरमधून पोटाखाली फवारले जातात. ६ वर ठेवा.

पेट्रोलसाठी फ्लोट कार्ब्युरेटर बाद. उलटं झालं की इंजिन आधी खोकतं, मग दगा देतं. बेंडिक्स आरएसए-५ किंवा एअरफ्लो परफॉर्मन्सचं इंजेक्शन लावा. पॅरलल-व्हॉल्व्ह हेडमध्ये प्रायमरसाठी १/८ इंचाची पाइप-थ्रेडची भोकं असतात, इंजेक्टर नोझल तिथेच बसतात. चारही हेडमध्ये ती आहेत का ते मोजून घ्या, जुनी सिलिंडर असली तर एखादं सुटलेलं निघतं. बेंडिक्सला पंपाचा दाब २० ते २५ पीएसआय असला की ते खूश असतं. कार्ब्युरेटरचा जुना पंप दोन-पाच पीएसआयचा, तो चालणार नाही. एस-१एस मध्ये हाताचा वॉबल पंप सोबत असायचा. साधा, खात्रीचा, वायरिंगचं झंझट नाही, मला अजून तोच आवडतो.

टाकीत फ्लॉप ट्यूब हवी: लवचीक नळी, टोकाला वजनदार पिकअप, पेट्रोल जिकडे तिकडे ती. तिच्यातली मेख अशी की ती वर्षागणिक कडक होते आणि एक दिवस वळायचंच थांबते. त्या दिवशी उलटं होताच इंजिन बंद. टाकी बंद करण्यापूर्वी हाताने उलटी करून नळी वरच्या पत्र्याला टेकतेय का, बॅफलला अडकतेय का बघा, आणि दर काही वर्षांनी नळी बदला. मग फ्लो टेस्ट. १८० हॉर्सपॉवरला टेकऑफला तासाला साधारण १५ गॅलन लागतात. पंपावर चालणाऱ्या सिस्टीमला त्याच्या सव्वापट, म्हणजे १९ गॅलन, मिनिटाला जवळपास १.२ लिटर वाहायला हवं. विमान चढाईच्या कोनात उभं करून कॅनमध्ये मोजा.

जुनं इंजिन घेताना तास कमी आहेत यावर भाळू नका. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो. इंजिन पडून राहिलं की तिथलं तेल उतरून जातं आणि लोब गंजतात. वीस वर्षांत २०० तास चाललेल्या इंजिनापेक्षा दरवर्षी शंभर तास चाललेलं मला जास्त विश्वासाचं वाटतं. शंका असेल तर एक सिलिंडर काढून कॅम डोळ्यांनी बघा, फक्त बोरोस्कोपवर थांबू नका. फ्लँजला डायल गेज लावून रनआउट (फिरताना येणारा वाकडेपणा) मोजा आणि लायकमिंगच्या मर्यादेशी ताडा. पोकळ क्रँक फिक्स्ड-पिचवर चालला असेल तर आतल्या भोकाला गंजाचे खड्डे आहेत का ते बघण्याबद्दल एडी (सक्तीचा सुरक्षा आदेश) ९८-०२-०८ आहे, ते केल्याची लॉगबुकमध्ये नोंद शोधा. प्रोपेलर कधी कशाला आपटला होता का, तेही लॉगबुकमधूनच कळतं, विकणाऱ्याच्या आठवणीतून नव्हे. क्रँककेसच्या दोन पिढ्या आहेत: सीरियल नंबरच्या शेवटी ए असेल तर वाइड-डेक, नसेल तर जुना नॅरो-डेक, आणि नॅरो-डेकचे सुटे भाग शोधताना आता नाकीनऊ येतात.

रोटॅक्स ९१२ किंवा गाडीचं इंजिन असा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. रोटॅक्सच्या मॅन्युअलमध्येच कसरतींना मनाई आहे. ३६० हॉर्सपॉवरचं रशियन एम-१४पी एस-१ मध्ये मावत नाही, त्याच्यासाठी कर्टिस पिट्स यांनी मॉडेल १२ नावाचं वेगळंच विमान रेखाटलं.

एक बारीकशी गोष्ट, जी हमखास विसरली जाते: ऑइल प्रेशरचा सेन्सर सरळ इंजिनावर पितळी फिटिंगने लटकवू नका. थरथरून ते फिटिंग तुटतं आणि तेल बाहेर जातं. स्टीलचं, बारीक छिद्राचं फिटिंग इंजिनावर, आखूड होज आणि सेन्सर फायरवॉलवर.

पहिल्या तासांत मिनरल ऑइल आणि भरपूर थ्रॉटल, रिंग बसेपर्यंत कसरती नाहीत. मग उंचीवर जाऊन आधी पाच सेकंद उलटं, नजर ऑइल प्रेशरवर. ६० पीएसआयच्या वर राहिला तर दहा सेकंद. २५ खाली गेला तर थ्रॉटल मागे, सरळ व्हा, उतरा, व्हॉल्व्ह उघडा. अमेरिकी नियमांत घरी बांधलेल्या विमानाच्या चाचणी-उड्डाणांच्या काळाला फेज वन, नंतरच्या नेहमीच्या उड्डाणांना फेज टू म्हणतात. सर्टिफाइड इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर फेज वन सहसा २५ तासांचा, नाहीतर ४० तासांचा असतो. तुमच्या बदलांनंतर ४० च धरून चाला. त्या काळात जी कसरत नंतर करायची आहे ती प्रत्येक करून, एंट्रीचा वेग लिहून लॉगबुकमध्ये नोंदवा. जिची नोंद नाही, ती फेज टू मध्ये करता येत नाही.