ऐकणारा कोण, ते आधी शोध

प्रिय,

तुझी टिपणं मिळाली. महिन्याभरात सहा एकांकिका आणि दोन मोनोलॉग पाहायचे आणि प्रत्येकावर पानभर लिहायचं, हे सोपं काम नाही. अक्षरावरून कळतं की काही टिपणं प्रयोगाहून आल्या आल्या, रात्रीच लिहिली आहेत. ती सवय मोडू देऊ नकोस.

एका वाक्यापाशी मात्र मी अडले. त्या अर्ध्या तासाच्या मोनोलॉगबद्दल तू लिहिलंस, "अभिनय उत्तम, पण पात्र पूर्ण उलगडलं नाही. लेखकाला आणखी वेळ मिळायला हवा होता." अशा तऱ्हेचं वाक्य मी परीक्षकांच्या तोंडून ऐकलंय, नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ऐकलंय, आणि पूर्वी माझ्या स्वतःच्या वहीतही ते होतं. दोन अंकी नाटक पाहून आपली नजर तयार झालेली असते. त्यात माणूस कसा घडला, त्याचे आईबाप कोण, त्याचं पुढे काय होणार, हे सगळं मिळतं. तीच अपेक्षा घेऊन छोट्या नाटकापुढे बसलं की हातात काहीच आलं नाही असं वाटतं. म्हणून आज त्या एकाच गोष्टीबद्दल लिहिते.

एकटं माणूस रंगमंचावर बोलायला लागलं की पहिला प्रश्न हा विचार: हे कुणाशी बोलतंय? पात्र कोण आहे, हा प्रश्न नंतरचा.

एक उदाहरण जरा सावकाश पाहू. ॲलन बेनेट यांनी 1988 साली बीबीसी टेलिव्हिजनसाठी 'टॉकिंग हेड्स' ही मोनोलॉगची मालिका लिहिली. पुढे त्यातले मोनोलॉग रंगमंचावरही आले. त्यातल्या एकात पंचाहत्तरीची डॉरिस घरात एकटी आहे. कामाला येणाऱ्या बाईने बजावून ठेवलंय की धूळ पुसायच्या भानगडीत पडू नका. पण डॉरिसला त्या बाईचं काम पटत नाही. ती धूळ पुसायला वर चढते आणि पडते. पाय बधिर झालाय. भिंतीवरचा लग्नाचा फोटोही खाली आलाय. जमिनीवर बसल्या बसल्या तिला सोफ्याखाली एक बिस्किट दिसतं, आणि त्या बाईच्या कामचुकारपणाचा पुरावा सापडला म्हणून तिला आनंद होतो. आपल्याला हसू येतं. मग ती गेलेल्या नवऱ्याशी, विल्फ्रेडशी, बोलत राहते. बोलता बोलता कधीतरी त्यांच्या मुलाचा विषय निघतो. ते मूल जगलं नाही. सुईणीने त्याला वर्तमानपत्रात गुंडाळलं होतं, जणू काही घाण असावी तसं. डॉरिस हे सांगते आणि पुढे जाते. लेखक त्यावर एक शब्दही जास्त खर्च करत नाही. पण आता मागे जाऊन पाहा. धूळ, फडकं, दारात उडून आलेली पानं, स्वच्छतेचा तो हट्ट: हे सगळं कुठून येतंय ते आपल्याला कळलेलं असतं. तिला कळलंय की नाही, ते ठाऊक नाही.

आणि मग दारावर पोलीस येतो. त्या सगळ्या वेळात एक जिवंत माणूस पहिल्यांदा तिला आस्थेने विचारतं, बरं आहे ना? दिवा बंद दिसला म्हणून थांबलो. ती म्हणते, बरी आहे, डोळा लागला होता. तो निघून जातो.

मी हा मोनोलॉग वाचला तेव्हा पान उलटवेना. इतका वेळ ती आपल्याला खरं सांगत होती, मेलेल्या नवऱ्याला खरं सांगत होती, आणि जो दार उघडून तिला वाचवू शकला असता त्याला तिने खोटं सांगितलं. कारण एकदा का मदत मागितली की वृद्धाश्रमात रवानगी ठरलेली, हे तिने मनाशी धरलंय. नाटक त्या उत्तरात आहे. ऐकणारा बदलला आणि बोलणं बदललं. ती कुठल्या शाळेत शिकली किंवा तिचं माहेर कसं होतं, हे कळून त्या क्षणात कणभरही भर पडली नसती. पात्र पूर्ण उलगडायला आणखी वेळ लागतो, असं आता म्हणशील का?

ऐकणाऱ्याचा हा प्रश्न काही आजचा नाही. नाट्यशास्त्रात रूपकाचे, म्हणजे नाटकाचे, जे दहा प्रकार सांगितलेत, त्यात भाण नावाचा एक आहे: एक अंक, एकच पात्र. ते पात्र आकाशाकडे किंवा समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहून "काय म्हणतोस?" असं विचारतं, न दिसणाऱ्या माणसाचं उत्तर स्वतःच बोलून दाखवतं आणि त्यावर पुढे बोलतं. याला आकाशभाषित म्हणतात. एकट्या नटाला समोर कुणीतरी लागतंच, हे त्या काळी ओळखलेलं होतं, आणि ती जागा भरायची रीतही त्यांनी ठरवून दिली होती. आजचा नाटककार ती रिकामी जागा बहुतेक वेळा रिकामीच ठेवतो. ती ओळखायचं काम तुझ्यावर येतं.

(जाता जाता, टिपणांत तू 'स्वगत', 'एकपात्री' आणि 'मोनोलॉग' हे शब्द सरमिसळ वापरलेस. स्वगतात पात्र स्वतःशी बोलतं. एकपात्रीत नट एक असतो, पण त्याने उभ्या केलेल्या माणसांची संख्या पन्नासही असू शकते. मोनोलॉग हे एकाच पात्राचं सलग बोलणं, आणि ते जवळजवळ नेहमी दुसऱ्या कुणासाठी असतं. शब्द नीट वापरलेस तर पाहणंही नेमकं होईल.)

कधी ऐकणारा रंगमंचावर डोळ्यांसमोर असतो आणि तरी बोलत नाही. सॅम्युएल बेकेट यांच्या 1972 च्या 'नॉट आय'मध्ये अंधारात फक्त एक तोंड दिसतं. ते सुसाट बोलत असतं, एका बाईची हकिगत, सगळी 'ती', 'ती' करत. आतून कुणीतरी तिला 'मी' म्हणायला भाग पाडतंय आणि ती दर वेळी झिडकारते. बाजूला पायघोळ झग्यात एक आकृती उभी आहे. संहितेत तिला काम एवढंच: त्या नकारानंतर दोन्ही हात असहाय करुणेने जरासे उचलायचे आणि खाली सोडायचे. दर वेळी ही हालचाल कमी होत जाते, शेवटी जेमतेम जाणवण्याइतकीच उरते. बरेच जण या नाटकातलं तोंडच लक्षात ठेवतात. मला ते हात जास्त छळतात. मदत करायची इच्छा असलेलं माणूस हळूहळू थकतं, हे तिथे एका शब्दाविना दाखवलंय.

आणि ऐकणारे जेव्हा आपणच असतो, तेव्हा आणखी सावध राहायचं. ब्रायन फ्रील यांचं 1979 चं 'फेथ हीलर' छोटं नाही, पूर्ण लांबीचं आहे, पण तीन माणसांच्या चार मोनोलॉगांनी बनलंय म्हणून सांगते. फ्रँक सांगतो, ग्रेस माझी रखेल, यॉर्कशरची. पुढच्या मोनोलॉगमध्ये ग्रेस येते आणि कळतं की ती त्याची बायको आहे आणि आयर्लंडची आहे. मग आधीचं सगळं बोलणं मनात पुन्हा लावावं लागतं. ज्याला जोडीला दुसरा साक्षीदारच नाही, अशा मोनोलॉगमध्ये हे काम आपल्याला एकट्याने करायचं असतं. "हा माणूस मला हे असं का सांगतोय?" हा संशय प्रेमाने बाळगायचा. बोलणाऱ्याला पकडायला जायचं नाही. कुठल्या गोष्टीवरून तो घाईने जातो आणि कुठे उगाच रेंगाळतो, तेवढं टिपायचं.

आता संहिता वाचण्याबद्दल. तू प्रयोग पाहिल्यावर संहिता मिळवून वाचायला लागणार आहेस हे कळलं, फार बरं वाटलं. पण नव्या नाटककारांचं पान वाचताना शब्दांइतकंच शब्दांच्या मधलं वाचायला शिक. हॅरॉल्ड पिंटर 'पॉज' आणि 'सायलेन्स' असे दोन वेगळे शब्द लिहीत. पॉजमध्ये विचार चालू असतो, सायलेन्समध्ये काहीतरी संपलेलं असतं, असा मी त्यातला फरक करते. कॅरिल चर्चिल वाक्याच्या मध्येच एक तिरकी रेघ मारतात: तिथे दुसऱ्या पात्राने बोलायला सुरुवात करायची, पहिल्याचं वाक्य चालू असतानाच. ती रेघ डोळ्यांनी वाचलीस तर काहीच घडणार नाही. कुणालातरी समोर बसव आणि दोघं मिळून मोठ्याने वाचा. ज्याचं वाक्य कापलं जातं त्याला कसं वाटतं, ते अंगावर येईल. सुझन-लोरी पार्क्स तर कधी नुसती पात्रांची नावं एकाखाली एक लिहितात, पुढे संवादच नाही. त्याला त्या 'स्पेल' म्हणतात. तिथे कुणी बोलत नाही, दोघं फक्त असतात. किती वेळ, ते दिग्दर्शकाने ठरवायचं. घाईत वाचणारा तिथून सरळ पुढच्या संवादावर उडी मारतो आणि नाटकाचा गाभाच त्याच्या हातून सुटतो.

याच पार्क्स यांनी 13 नोव्हेंबर 2002 पासून वर्षभर रोज एक नाटक लिहिलं. काही पानाभराची, काही त्याहूनही लहान. छोटं नाटक म्हणजे मोठ्या नाटकाचा सराव, असं तुला कुणी सांगेल तेव्हा हे आठव. तो समज मला मनापासून चुकीचा वाटतो. काही गोष्टी छोट्या आकारातच घडू शकतात. बेकेट यांच्या 'ब्रेथ'मध्ये नट नाही, शब्द नाही. कचऱ्याने भरलेला रंगमंच, एक क्षीण रडणं, एक श्वास आत, प्रकाश वाढतो, एक श्वास बाहेर, प्रकाश उतरतो, पुन्हा तेच रडणं. संहितेतले सेकंद जोडले तर पस्तीस भरतात. याला दुसरा अंक जोडून दाखवा म्हणावं.

चर्चिल यांचं 1997 चं 'हार्ट्स डिझायर' घे. आईबाप आणि एक आत्या, ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या मुलीची वाट पाहतायत. बाप लाल स्वेटर घालत आत येतो आणि म्हणतो, किती वेळ लावतेय ही. दोनचार वाक्यं होतात आणि नाटक थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. या वेळी तो जाकीट घालत येतो. पुन्हा थांबतं. आता जुनं कार्डिगन. दर खेपेला जरा पुढे सरकतं, कधी भलतीकडेच जातं, कधी बंदूकधारी घुसतात, एकदा तर दहा फुटी पक्षी दारात उभा राहतो. आणि शीर्षकातला तो प्रेमाचा शब्द बापाच्या तोंडी यायला पार शेवट उजाडतो. कुणाची आतुरतेने वाट पाहताना आपण मनात हेच करतो, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा घडवतो. दोन अंकात हे पसरलं असतं तर युक्ती म्हणून कंटाळा आला असता. इथे छातीत दुखतं.

शेवटच्या वाक्यात धक्का देणाऱ्या एकांकिकांचं तू फार कौतुक केलंयस. माझं मत वेगळं आहे. धक्क्याला टाळी हमखास पडते, म्हणून तो स्वस्त पडतो. माझी एक कसोटी आहे: शेवट माहीत असताना तीच संहिता पुन्हा वाच. दुसऱ्या खेपेला सुरुवातीची वाक्यं जड झाली, त्यांना नवा अर्थ आला, तर शेवट खरा. ती नुसती वाट पाहत उभी दिसली तर लेखकाने वेळ काढला होता. छोट्या नाटकाची मोठी सोय हीच आहे की ते लगेच दुसऱ्यांदा वाचता येतं. या सोयीचा फायदा न घेणं मला वाया घालवणं वाटतं.

एका रात्री चार-पाच एकांकिका लागोपाठ असतील तर मध्ये बाहेर ये. कुणाशी बोलू नकोस. पहिलीचं काहूर घेऊन दुसरीत बसलं, तर दोघींवर अन्याय होतो. आणि टिपणात कथानक सांगणं आवर. तुझ्या आठही टिपणांत निम्मं पान गोष्ट सांगण्यात गेलंय. त्याऐवजी एक क्षण निवड आणि तो पूर्ण लिही: नट कुठे उभा होता, कुठे पाहत होता, आवाज कुठे उतरला, प्रेक्षागृहात तेव्हा काय झालं.

पाहत असशील तर एक प्रयोग चुकवू नकोस. इराणी नाटककार नसीम सुलेमानपूर यांनी लष्करी सेवा नाकारली म्हणून त्यांना पासपोर्ट मिळत नव्हता. तेव्हा त्यांनी 'व्हाइट रॅबिट, रेड रॅबिट' लिहिलं आणि 2011 पासून ते त्यांच्याविना जगभर होऊ लागलं. दिग्दर्शक नाही, तालीम नाही. दर प्रयोगाला नवा नट, आणि संहितेचं बंद पाकीट तो प्रेक्षकांसमोरच उघडतो. याहून जास्त त्याबद्दल वाचू नकोस, काहीही माहीत नसताना जा. तिथे बोलतंय कोण आणि ऐकतंय कोण, हा प्रश्न तुला क्षणभरही स्वस्थ बसू देणार नाही.

तुझ्या त्या अर्ध्या तासाच्या मोनोलॉगचे अजून दोन प्रयोग आहेत असं तू लिहिलंस. त्यातल्या एकाला पुन्हा जा. या वेळी नटाच्या चेहऱ्यापेक्षा त्याची नजर कुठे लागते तिकडे लक्ष ठेव. तू लिहिलंस की तो तीनदा डावीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे वळतो आणि चौथ्यांदा वळायचं टाळतो. हे तुझ्याच टिपणात आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत, कंसात. त्या खुर्चीत कोण बसलंय ते मला लिहून कळव.

तुझी,
मावशी