मंगळवारी आणि शुक्रवारी बसणारा आवाज

"वीस वर्षं शिकवतोय आणि आता वर्गात जायची भीती वाटते. हे सांगायचं तरी कुणाला?"

कॉलेजात शिकवणारी माणसं समुपदेशनासाठी माझ्याकडे येतात तेव्हा थोड्याफार फरकाने हेच विचारतात. मग दार नीट लागलंय ना, हे बघून दुसरा प्रश्न येतो: "कॉलेजात कळणार नाही ना?" त्याचं उत्तर आधी देते. कळणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क स्पष्ट लिहिलेला आहे. कुणाच्या जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी, पण तुम्ही इथे येता हे तुमच्या प्रिन्सिपलना सांगण्याचं कारणच नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र एका वाक्यात देता येत नाही. म्हणून एका सरांची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि रसायनशास्त्र हा विषय सोडला तर ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

सर अठ्ठेचाळीस वर्षांचे. डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून मध्य मुंबईतल्या कॉलेजात येणारे. माझ्या दादरच्या खोलीत पहिल्यांदा आले तेव्हा बोललेच नाहीत. खिशातून कागद काढून लिहिलं, 'आवाज बसला आहे. ईएनटीने पाठवलं.' सोबत रिपोर्ट होता. दुर्बिणीतून तपासणी झालेली, स्वरयंत्राच्या पट्ट्यांवर गाठ नाही, सूज नाही. बोलताना गळ्याचे स्नायू आवळले जातात, एवढीच नोंद.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कारण शिक्षक ती हमखास टाळतात. तीन-चार आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. मीठ-हळदीच्या गुळण्या आणि ज्येष्ठमध यांवर सत्र काढू नका. एकशेवीसचा वर्ग, डोक्यावर खडखडणारे पंखे, खिडकीबाहेर हॉर्न. अशा खोलीत रोज ओरडून शिकवणाऱ्याच्या आवाजाला खरोखरची इजा होऊ शकते. ती नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच माझ्यासारखीचं काम सुरू होतं. तेव्हाही मी एकटी पुरत नाही. सरांना मी वाणी-उपचारांसाठी वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत जायला सांगितलं आणि ते गेले. श्वास कुठून घ्यायचा, खांदे कसे सैल सोडायचे, हे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी शिकले. कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि माइकही घेतला, दीड-दोन हजारांत येतो तो. आधी लाज वाटली होती. म्हणाले, "भाजीवाल्यासारखं वाटतं."

पहिल्या दिवशी मी झोप, भूक, घरचं, पैशांचं, सगळं विचारलं. जगणं नको वाटतं का, हेही सरळ विचारलं. ते मी प्रत्येकाला विचारते, आणि विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेला विचार येत नाही. सरांनी मान हलवून नाही म्हटलं. मग मी एकच काम दिलं. आवाज कधी बसतो आणि कधी नीट येतो, हे आठवडाभर टाइमटेबलवरच लिहायचं.

पुढच्या वेळी तो कागद पाहून दोघंही थोडा वेळ गप्प होतो. टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, लेक्चर्स: ठीक. प्रॅक्टिकल: उत्तम, तीन तास बोललो. घरी: ठीक. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात-चाळीस, एफवाय, म्हणजे पहिलं वर्ष: गेला.

सात-चाळीसचा हा पेपर होता भारतीय ज्ञान प्रणालीचा. नव्या शैक्षणिक धोरणाची रचना स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून लागू झाली, आणि तिच्याबरोबर असे दोन-दोन क्रेडिटचे पेपर आले. त्यांना वेगळे शिक्षक मिळाले नाहीत. ज्याचा वर्कलोड कमी पडतो त्याच्या नावावर पेपर चढतो. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे आठवड्याला सोळा तास शिकवण्याचे भरावे लागतात, आणि सरांना दोन तास कमी पडत होते. कुणाकडून तरी आलेली पीडीएफ आदल्या रात्री लोकलमध्ये वाचायची आणि सकाळी वर्गात सांगायची, असं चाललं होतं.

मग एक प्रसंग कळला. दिल्लीतल्या मेहरौलीचा लोहस्तंभ शिकवत असताना सरांनी नोट्समधलं वाक्य सांगितलं की लोखंड अतिशय शुद्ध असल्यामुळे तो गंजला नाही. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने मोबाइलवरून वर बघत म्हटलं, "सर, इथे तर फॉस्फरसमुळे असं दाखवतंय." वर्ग हसला. सरांचा आवाज चिरकला, आणि तेव्हापासून त्या वर्गात तो परत आलाच नाही.

मी जो निष्कर्ष काढला तो कुणीही काढला असता. चारचौघांत फजिती झाली, आता पुन्हा होईल अशी भीती बसली. त्या भीतीपोटी सर काय काय करू लागले होते तेही ओघाने कळलं: फळ्याकडे तोंड करून बोलणं, नुसतं डिक्टेट करणं, हजेरी हळूहळू घेऊन दहा मिनिटं काढणं, प्रश्नांना वेळच न ठेवणं. अशा युक्त्यांनी भीती त्या दिवसापुरती टळते आणि पुढच्या दिवसासाठी वाढते. म्हणून आम्ही ठरवलं की पुढच्या लेक्चरला एका प्रश्नाला "मला आत्ता माहीत नाही, शुक्रवारी सांगतो" असं उत्तर द्यायचं. मुलं हसतील याची किती खात्री वाटते, ते आधी लिहायला लावलं. सरांनी लिहिलं, नव्वद टक्के.

मुलं हसली नाहीत. एका मुलीने "ओके सर" म्हटलं आणि पान उलटलं. तरी आवाज बसलेलाच राहिला. पुढच्या मंगळवारी तर पाचव्या मिनिटाला गेला. सर माझ्याकडे आले ते चिडून. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही सांगितलेलं केलं. आता काय?"

घाई माझी झाली होती. मी फजिती ऐकली आणि तिथेच थांबले. त्या दिवशी मी काहीच नवं सुचवलं नाही. फक्त विचारलं, "त्या मुलाला तुम्ही काय उत्तर दिलंत?"

हे मी आधी विचारलंच नव्हतं.

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "मी म्हटलं, मोबाइलवर काहीही येतं, खाली बस. मॅडम, तो बरोबर होता. स्टाफरूममध्ये जाऊन बघितलं. आणि मी रसायनशास्त्राचा माणूस आहे, मला कळायला हवं होतं. मी त्याला सगळ्यांसमोर खोटं पाडलं. तो आता शेवटच्या बाकावर बसतो."

सरांच्या बोलण्यात वडील पहिल्यांदा आले ते त्याच तासाला. लालबागची चाळ, वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सर पाच वर्षांचे होते. अडीच लाख कामगार बाहेर पडले, संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि त्यांच्या वडिलांसारख्या हजारोंना गिरणीने परत घेतलं नाही. वडील प्रभादेवीला एका इमारतीत वॉचमन लागले. सातवीतला मुलगा डबा घेऊन जायचा. एकदा रजिस्टरमध्ये वडिलांनी लिहिलेलं इंग्रजी नाव चुकलंय, हे त्याने तिथल्या साहेबांसमोर सांगितलं. वडील म्हणाले, "गप बस, तुला काय कळतंय." त्यानंतर मुलासमोर त्यांनी कधी काही लिहिलं नाही.

"त्या मंगळवारी माझ्या तोंडून बाबा बोलले," सर म्हणाले. यावर मी काही बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

एक मात्र मी विचारलं, कारण ते मला खरंच कळत नव्हतं. वीस वर्षं रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लोखंडाबद्दलचं ते वाक्य वाचताना खटकलं कसं नाही? सर म्हणाले, "तो पेपर माझा नाही असं मी मनात धरून बसलो होतो. वर्गात शिरताना माझा विषय बाहेर ठेवूनच जायचो." मला वाटतं, या सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच होती. आयता पेपर आणि आयत्या नोट्स मिळाल्या की जाणता माणूससुद्धा निरोप्या होतो. निरोप्याला कुणी प्रश्न विचारला तर त्याच्याजवळ चिडण्याखेरीज उरतं काय?

कुणी म्हणेल, याच्यासाठी प्रशिक्षणं असतात की. असतात. सरांच्या प्लेसमेंटच्या, म्हणजे पदोन्नतीच्या, फाइलमध्ये लॉकडाउनपासूनची अकरा प्रमाणपत्रं होती. पूर्वीचं अकॅडमिक स्टाफ कॉलेज, मग मनुष्यबळ विकास केंद्र, आणि २०२३ पासून मालवीय मिशनचं शिक्षक प्रशिक्षण केंद्र. पाट्या बदलल्या, पदोन्नतीसाठीचा रिफ्रेशर कोर्स कायम आहे. त्यांतल्या एकाही ऑनलाइन कोर्समधलं सरांना काही आठवत नव्हतं. कॅमेरा बंद करून ते प्रॅक्टिकलचे जर्नल तपासत असायचे. मी त्यांना दोष देत नाही. पण फार वर्षांपूर्वी कलिनाला केलेला रिफ्रेशर त्यांना लख्ख आठवत होता. तेव्हा तो तीन आठवड्यांचा असायचा. व्याख्यानं विसरले होते, जेवणाची सुट्टी आठवत होती. सिंधुदुर्गातून आलेल्या एका सरांनी डबा उघडता उघडता सगळ्यांना विचारलं होतं, "तुम्ही एनएमआर कसं शिकवता हो? माझ्याने नाही जमत." (एनएमआर म्हणजे रेणूची रचना ओळखायची एक पद्धत.) आणि टेबलावरचे पाचही जण एकदम बोलायला लागले होते.

असं टेबल आज त्यांच्या कॉलेजात नव्हतं. स्टाफरूममध्ये कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची फाइल, पेपर तपासणी, मुलांची अॅडमिशन, सगळ्यावर बोलणं व्हायचं. 'मला हे शिकवता येत नाही' हे वाक्य सरांनी तिथे किती वर्षांत ऐकलं नव्हतं. शिक्षकांच्या स्वास्थ्यासाठी शिक्षकदिनी योगाचं सत्र ठेवणाऱ्या कॉलेजांना माझं कळकळीचं सांगणं आहे की योग ठेवा, पण असं एक टेबलही ठेवा. त्याला बजेट लागत नाही. वर्कलोड वाटताना माणसाला एकदा विचारायला तर काहीच लागत नाही.

सरांनी पुढे जे केलं ते त्यांचं त्यांनी ठरवलं. संस्कृतच्या मॅडमना गाठलं आणि सांगितलं, "मॅडम, हा पेपर मला झेपत नाही." त्या म्हणाल्या, "मलाही दुसऱ्या डिव्हिजनला धातुविद्या शिकवताना घाम फुटतो." दोघांनी मिळून धातूंचा भाग नव्याने बांधला. मॅडमनी संस्कृत ग्रंथांतली जस्त काढण्याची वर्णनं वाचून दाखवली. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणून भट्टीत धातू हाती लागण्याआधी त्याची वाफ होऊन जाते. राजस्थानातल्या झावरला मुशी उलट्या टांगून ती वाफ खाली उतरवून कशी थंड केली असेल, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवलं. हे मला सांगताना ते खुर्चीतून उठून उभे राहिले होते, आणि आवाजाकडे लक्ष द्यायचं आम्ही दोघंही विसरलो होतो.

लोहस्तंभ त्यांनी पुन्हा शिकवला. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांचं काम वाचून गेले. जुन्या भट्ट्यांत चुनखडी घालत नसत, म्हणून फॉस्फरस लोखंडातच राहिला, सुमारे पाव टक्का, आजच्या पोलादापेक्षा कितीतरी जास्त. त्याने पृष्ठभागावर धरलेला थर सोळाशे वर्षं टिकलाय. हे सांगण्याआधी शेवटच्या बाकाकडे बघून म्हणाले, "मागे तू सांगितलंस ते बरोबर होतं. मी चुकलो होतो आणि वर तुला गप्प बसवलं. माझं चुकलं." मुलगा लाजून खाली बघत राहिला. त्या तासाला सरांचा आवाज पस्तीस मिनिटं टिकला, नंतर घोगरा झाला.

पुढेही तो अधूनमधून बसायचा. परीक्षेच्या दिवसांत दोन आठवडे फार त्रास झाला आणि वांद्र्याच्या चकरा पुन्हा सुरू कराव्या लागल्या. असं मागे-पुढे होतच असतं. तुमच्या बाबतीत भीतीसोबत झोप उडाली असेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, तर थांबू नका, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास सुरू असतो, विनामूल्य आहे, आणि मराठीत बोलता येतं.

तो मुलगा तिसऱ्या बाकावर परत आला का, हे मी सरांना विचारलं होतं. म्हणाले, "नाही. पण लेक्चर संपल्यावर जिन्यात गाठतो."

जूनमध्ये त्यांचा मेसेज आला. 'मॅडम, यंदा पर्यावरणाचा पेपर दिलाय. निम्मा भाग माझा नाही. स्टाफरूममध्ये सांगून टाकलं. दोघं म्हणाले, आमचाही नाही. बुधवारी डब्याच्या वेळी बसतोय.'