वाचक विचारतात : पाकोळ्यांचे आवाज टिपताना

प्रश्न : आमचं घर सांगलीत, आयर्विन पुलापासून जवळ. दिवेलागणीला पाकोळ्या, म्हणजे किडे खाणारी छोटी वटवाघळं, डोळ्यांना दिसतात. पण गच्चीच्या कठड्यावर रात्रभर ठेवलेल्या रेकॉर्डरमधल्या आवाजाच्या आलेखात (आडवा वेळ, उभी आवाजाची उंची) नुसती एक आडवी रेघ येते. सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात तो आकडा) 48 किलोहर्ट्झ आहे. यंत्र बिघडलंय का?

उत्तर : यंत्र बहुधा ठीक आहे, सेटिंग गाण्याबजावण्याचं आहे. रेकॉर्डर सॅम्पल रेटच्या निम्म्यापर्यंतचेच आवाज टिपतो, म्हणजे तुमच्याकडे 24 किलोहर्ट्झपर्यंत. गावातल्या छोट्या पिपिस्ट्रेल पाकोळ्यांचे आवाज साधारण 35 ते 55 किलोहर्ट्झचे. ऑडिओमॉथसारख्या, उंच आवाज टिपणाऱ्या छोट्या रेकॉर्डरमध्ये सॅम्पल रेट 250 किलोहर्ट्झ ठेवा. मग तासाला 1.8 जीबी जागा लागते. संध्याकाळी 7 ते पहाटे 5 सलग चालवलं तर 18 जीबी. म्हणून 5 सेकंद रेकॉर्डिंग, 10 सेकंद विश्रांती असं लावा. रात्रीला 6 जीबीत भागतं, 64 जीबीचं कार्ड दहा रात्री पुरतं.

आडवी रेघ रस्त्यावरचा दिवा लागताक्षणी सुरू होऊन सकाळी त्याच्याबरोबरच संपत असेल, तर ती त्या एलईडीच्या ड्रायव्हरची. रातकिड्यांची रेघ तुटक असते. पाकोळीची खूण वेगळी : वरून झपकन खाली येणारी आणि शेवटी जराशी आडवी होणारी छोटी रेघ, अशा ओळीने अनेक.

कठडाही सोडा. भिंतीवरून परतलेला आवाज मूळ आवाजात मिसळतो आणि रेघ दुहेरी, पुसट दिसते. दोन-तीन मीटरच्या बांबूला यंत्र बांधा, भिंत आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. पावसाच्या भीतीने जाड प्लास्टिकच्या डब्यात बंद करू नका, उंच आवाज आत पोचतच नाहीत. पातळ पिशवी माइकवर ताणून बसवा; सैल राहिली तर वाऱ्याने फडफडते. यंत्र लावल्यावर समोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा. त्यातून 20 किलोहर्ट्झच्या वरचेही आवाज निघतात, ते फाइलमध्ये दिसले पाहिजेत. ही दोन मिनिटांची तपासणी टाळून अख्खी रात्र वाया घालवणारे पुष्कळ.

प्रश्न : एका रात्रीत 412 फेऱ्या (पाकोळी यंत्राजवळून एकदा गेली की एक फेरी) नोंदल्या गेल्या. म्हणजे 412 पाकोळ्या समजायच्या? आवाजावरून जात ओळखणाऱ्या ॲपने जातींची नावंही दिली आहेत.

उत्तर : नाही. दिव्याखाली किड्यांवर घिरट्या घालणारी एकच पाकोळी तासाभरात शंभर फेऱ्या देऊ शकते. ही वर्दळीची मोजणी आहे, डोक्यांची नाही. तीच जागा, तीच उंची, तेच सेटिंग ठेवलंत तरच या महिन्याची त्या महिन्याशी तुलना होईल. डोकी मोजायची तर कातरवेळी पुलाच्या फटीसमोर दोघांनी बसून बाहेर पडणाऱ्या पाकोळ्या मोजाव्यात.

ॲपच्या नावांवर विसंबू नका. पिपिस्ट्रेलच्या जातींचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि अनेक ॲप्स परदेशी नमुन्यांवर शिकलेली आहेत. वहीत ‘पिपिस्ट्रेल, 45 किलोहर्ट्झ’ एवढंच लिहा आणि मूळ फाइल जपून ठेवा.

प्रश्न : साताऱ्यात आमच्या गल्लीतल्या वडावर मोठी वटवाघळं लटकतात. त्यांच्यासाठी कुठला डिटेक्टर घ्यावा?

उत्तर : पैसे वाचवा. ही फळं खाणारी वटवाघळं डोळ्यांनी आणि वासाने वाट काढतात, पाकोळ्यांसारखा, माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज वापरत नाहीत. त्यांचा कलकलाट तुम्हाला तसाच ऐकू येतो. दुर्बीण आणि वही पुरे.