ओपन-सोर्स हार्डवेअर घेऊन मेंदूच्या लहरी घरी मोजणं हौशी माणसाला परवडतं का?

परवडतं, फक्त सुरुवात एका चॅनेलनं, म्हणजे डोक्यावरच्या एकाच जागेच्या नोंदीनं करा. मेंदूच्या लहरी मोजण्याचं ओपन-सोर्स हार्डवेअर बनवणाऱ्या ओपनबीसीआय कंपनीचा सायटन बोर्ड 8 चॅनेलचा आहे. त्यातली एडीएस1299 ही लहरींचे आकडे करणारी 24 बिटची चिपच महाग असल्यामुळे बोर्ड स्वतः बनवूनही फारशी बचत होत नाही, आणि एवढ्या बारीक पायांची चिप पहिल्यांदाच सोल्डर करताना जळालीच तर खर्च दुप्पट.

त्यापेक्षा बायोअँप ईएक्सजी पिलसारखा छोटा अ‍ॅम्प्लिफायर (क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट), एक अर्डुइनो (सिग्नल वाचून लॅपटॉपला देणारा छोटा बोर्ड) आणि 3 कप इलेक्ट्रोड (त्वचेवर बसवायच्या धातूच्या छोट्या वाट्या) घ्या. एक इलेक्ट्रोड डोक्याच्या मागच्या बाजूला, मधल्या रेषेच्या जरा डावीकडे. उरलेले दोन दोन्ही कानांमागच्या हाडावर. चिकटवायच्या जेल पॅडवर पैसे घालवू नका, केसांवर ते टिकत नाहीत. कपाळावर टिकतात, पण तिथे पापण्यांची उघडझापच जास्त दिसते.

खरी कसोटी त्वचेशी संपर्काची. केस बाजूला सारा, त्वचा स्पिरिटनं पुसा, कपात ईईजी पेस्ट (मेंदूच्या लहरी मोजताना वापरायची वीजवाहक पेस्ट) भरून दाबा. सेकंदाला 250 नमुने पुरेत. डोळे मिटल्यावर 8 ते 12 हर्ट्झची लहर ठळक झाली की जोडणी जमली! नुसती 50 किंवा 60 हर्ट्झची, म्हणजे घरातल्या विजेची जाड पट्टी दिसली, तर बहुतेक वेळा एखादा कप सुटलेला असतो. वायरी एकमेकींत पिळून घ्या.

आणि अंगाला इलेक्ट्रोड असताना लॅपटॉप बॅटरीवरच चालवा, चार्जर काढलेलाच हवा. हा नियम नुसता सिग्नलमधली खरखर कमी करण्यासाठी नाही, जिवासाठी आहे.