सोसायटीत मध्यरात्रीनंतरही फटाके उडवणाऱ्यांना कसं थांबवायचं? ठाण्यात पोलिसांकडे तक्रार करून उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की कोलशेत रोडला टॉवरमध्ये राहता, आईला दमा आहे, आणि शेजारच्या विंगमधली मुलं गेल्या दिवाळीत रात्री एक-दीडपर्यंत सुतळी बॉम्ब आणि रॉकेटं लावत होती. खाली जाऊन बोललात तर "काका, वर्षातून एकदाच तर दिवाळी येते" हे ऐकून परत यावं लागलं. यंदा थेट पोलिसांत जावं का, असं विचारताय.

जा. अर्धा उपयोग होतो. उरलेल्या अर्ध्याचं काम दिवाळीच्या पंधरा दिवस आधी करावं लागतं, आणि ते पोलीस करू शकत नाहीत. हे मी दुसऱ्या बाजूला उभं राहून शिकलोय, म्हणून आधी माझा गुन्हा सांगतो.

मी पाचपाखाडीत सात मजली इमारतीत राहतो. 2017 च्या लक्ष्मीपूजनाला मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझ्या पुतण्याने कंपाउंडमध्ये सरबताच्या रिकाम्या बाटलीत रॉकेट उभं केलं आणि मी शेजारी पेटती उदबत्ती धरून उभा होतो. जमिनीवरचे ब्लॉक एका बाजूला खचलेले. वात पेटली, बाटली कलंडली आणि रॉकेट आडवं सुटून समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत घुसलं. तिथे कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी होती. ही जाळी नुसती जळत नाही, वितळून पेटते थेंब खाली टाकते. ते थेंब पडले वाळत घातलेल्या कपड्यांवर आणि वॉशिंग मशीनच्या प्लास्टिकच्या कव्हरवर.

आम्ही खालून ओरडत होतो. घरात काकू होत्या, पूजा चालली होती. पण फटाक्यांचा आवाज नको म्हणून त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं होतं, आणि त्याच फटाक्यांच्या आवाजात आमचं ओरडणं त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी त्यांच्या वॉचमनने जिना चढून बेल दाबली. दोन बादल्या पाण्यात आग विझली. माणसांना काही झालं नाही. पण ती चार मिनिटं मला अजून आठवतात, विशेषतः दाराच्या काचेआड शांतपणे हलणारी समईची ज्योत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतण्याला घेऊन फराळाचं ताट आणि जाळीचे पैसे द्यायला गेलो. काकूंनी पैसे घेतले, ताट घेतलं आणि त्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी भुईचक्र लाव हो, ते मला वरून छान दिसतं." बोलणी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर मी बराच विचार केला की आमच्या लहानपणी हे असं का होत नव्हतं. आम्ही काही फार शहाणे नव्हतो. पत्र्याच्या डब्याखाली ॲटमबॉम्ब ठेवून डबा किती उंच जातो ते बघणारी आमची पिढी. शेवटच्या दिवशी अंगणातला मातीचा किल्ला सुतळी बॉम्ब पुरून उडवायचा, मावळ्यांसकट, ही आमच्या वाडीतली प्रथा होती, आणि त्यात एकदा उडालेला दगड माझ्या भुवईला लागला त्याची खूण अजून आहे. पण ती चरईतली बैठी वाडी होती. मधे अंगण, वर नुसतं आकाश. रॉकेट वाकडं गेलंच तर नारळाच्या झावळ्यांत अडकायचं. त्याच वाडीच्या जागी आज इमारत उभी आहे, शेजारी दुसरी, दोघींच्या मधे दोन गाड्या जेमतेम जातील एवढी फट. फटाका तोच राहिला आणि अंगण गेलं.

यात एक तांत्रिक गंमत आहे, ती सोसायटीच्या मीटिंगमध्ये फार कामाला येते. फुटल्या जागेपासून 4 मीटरवर 125 डेसिबलपेक्षा जास्त आवाज करणारा फटाका बनवायला, विकायला, वापरायला 1999 पासून बंदी आहे. पण हा आवाज मोजायचा कसा, तर मोकळ्यावर, आजूबाजूला 15 मीटरपर्यंत आवाज परतवणारी एकही भिंत नसताना. आमच्या गल्लीत अशी जागा शोधून दाखवा! म्हणजे खोक्यावर लिहिलेला नियम पाळणारा बॉम्बसुद्धा दोन टॉवरच्या मधे फुटला की भिंतीवरून भिंतीवर आपटत वर चढतो. नवव्या मजल्यावरच्या माणसाला वाटतं आपल्या खिडकीतच फुटला. निवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा आहे 45 डेसिबल.

"आम्ही ग्रीन फटाके आणलेत" हेही तुम्हाला ऐकवतील. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने ते तयार झाले, त्यांतून सूक्ष्म कण साधारण 30 टक्के कमी निघतात, खोक्यावर क्यूआर कोड असतो. कमी धूर, एवढाच त्याचा अर्थ. ग्रीन सुतळी बॉम्बनेही झोप मोडतेच, आणि ग्रीन रॉकेटनेही जाळी पेटते.

आता कायदा. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाचे फटाके बंद केले. मग 23 ऑक्टोबर 2018 च्या निकालात दिवाळीसाठी रात्री 8 ते 10 ही वेळ ठरवली, माळांवर बंदी घातली, फक्त ग्रीन फटाके चालतील म्हटलं आणि उल्लंघन झालं तर त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखाला व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल असंही बजावलं. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 च्या दिवाळीत हवा बिघडली तेव्हा आपल्या महानगर प्रदेशासाठी आधी 7 ते 10 अशी वेळ दिली आणि चारच दिवसांत ती 8 ते 10 वर आणली. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या 100 मीटरच्या शांतता क्षेत्रात तर कुठल्याच वेळी फटाके चालत नाहीत. शिवाय निष्काळजीपणे स्फोटक हाताळून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर भारतीय न्याय संहितेचं कलम 288 आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

2018 चा तो निकाल दिवाळीच्या पंधरा दिवस आधी आला होता. रॉकेटचा चटका ताजा, त्यामुळे मी उत्साहात त्याची प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावली. कुणीही वाचली नाही. एकाने त्यावर पाण्याच्या टँकरचं वेळापत्रक डकवलं.

आणि हे नियम मोडणारी फक्त पोरंच असतात असंही नाही. नरकचतुर्दशीला पहाटे पाचला अभ्यंगस्नान उरकून, कारीट फोडून पहिला बॉम्ब कोण लावतं? आमच्याकडे तरी पन्नाशीचे सद्गृहस्थ लावतात, आणि पहिला फटाका माझा म्हणून मिरवतात. मी त्यांच्याशी भांडलोय. "परंपरा आहे" म्हणाले. परंपरा कारीट फोडण्याची आहे, त्याला आवाज होत नाही.

पोलिसांचं म्हणाल तर माझा अनुभव मिश्र आहे. 112 ला फोन लागतो, बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस येतात, पण दिवाळीच्या रात्री त्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि गाडीचा दिवा कोपऱ्यावर दिसताच मंडळी पार्किंगमध्ये गायब होतात. म्हणून फोन फटाके चालू असताना करा, संपल्यावर नको. सोसायटीचं नाव, विंग, कुठल्या गेटने आत यायचं, मुलं पोडियमवर (टॉवरच्या पायथ्याच्या मोकळ्या मजल्यावर) आहेत की गच्चीवर, हे एका दमात सांगा. "आमच्याकडे फार आवाज येतोय" एवढं सांगितलं तर गाडी मेन रोडवरून फेरी मारून निघून जाते. स्वतःच्या खिडकीतून वेळ दिसेल असा व्हिडिओ काढून ठेवा, ग्रुपवर टाकू नका. नाव सांगायला संकोच वाटत असेल तर जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने पोलिसांना सांगितलंय की ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीत तक्रारदाराची ओळख मागू नका आणि समोरच्याला कळू देऊ नका. ते प्रकरण भोंग्यांचं होतं, पण त्याला आधार होता ध्वनिप्रदूषणावरच्या 2016 च्या निकालाचा, जो आपल्याच ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांनी लढवून मिळवलाय.

त्या रात्रीच्या फोनपेक्षा मला आधी दिलेल्या पत्राचा उपयोग जास्त दिसला. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पोलीस ठाण्यात साधा अर्ज द्या: गेल्या वर्षी अमुक ठिकाणी, अमुक वेळेपर्यंत असं झालं, घरात दम्याचा पेशंट आहे, यंदा गस्त ठेवावी. पोच घ्या, शिक्का मारलेली. त्याची प्रत दोन्ही विंगच्या कमिट्यांना. शिक्क्याचा कागद बघितला की सेक्रेटरी लोक जागे होतात, मी स्वतः झालो असतो.

आता आमच्याकडे काय झालं ते. कोजागिरीच्या रात्री सगळे गच्चीवर मसाला दूध प्यायला जमतात, तेव्हा विषय काढला. नियमाचा कागद बाजूला ठेवला आणि ती जळकी जाळी दाखवली. काकूंकडून मुद्दाम मागून आणली होती. लोक ती हातात घेऊन बघत होते, वितळून घट्ट झालेले काळे गोळे चाचपत होते. मग पंधरा मिनिटांत ठरलं: आवारात रॉकेट, स्काय शॉट आणि सुतळी बॉम्ब बंद. मागच्या गेटाजवळचा कोपरा फटाक्यांचा, तिथल्या गाड्या साडेसातला काढायच्या (स्कूटरची प्लास्टिकची कव्हरं आधी, ठिणगी तीच पहिल्यांदा पकडतात). वाळूच्या दोन बादल्या, पाण्याच्या दोन आणि बाग शिंपायचा पाईप जोडलेला. दहाला वॉचमन शिट्टी वाजवणार. गच्चीला कुलूप.

शिट्टीची कल्पना मुलांचीच. वॉचमनऐवजी आळीपाळीने एकेका मुलाला शिट्टी मिळते आणि त्या रात्रीचा तो फौजदार. जो पोरगा आदल्या वर्षी सगळ्यात जास्त धिंगाणा घालायचा त्याला पहिल्या दिवशी शिट्टी दिली. दहाला एक मिनिट कमी असताना त्याने स्वतःच्या बापाची फुलबाजी विझवली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पलीकडच्या गल्लीत एका कार्यकर्त्याचा वाढदिवस असतो, बरोबर बाराला रस्त्याच्या मधोमध स्काय शॉटचे खोके लागतात, केक तलवारीने कापतात. तिथे ना शिट्टी चालते ना पत्र. 29 जून 2024 ला आपण टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकलो तेव्हा मध्यरात्र व्हायला आली होती, आणि मग जे सुरू झालं त्याला कुणीही थांबवू शकलं नसतं. खरं सांगायचं तर मलाही त्या रात्री थांबवावंसं वाटलं नाही. खिडक्या लावल्या आणि आमच्या कुत्र्याला घेऊन बाथरूममध्ये नळ सोडून बसलो. पाण्याच्या आवाजात तो जरा कमी थरथरतो.

तुमच्यासाठी दोन-तीन गोष्टी. त्या रात्री बाल्कनीतून ओरडू नका, खालच्या पोरांना तेवढंच हवं असतं. एकटे खालीही जाऊ नका. गेल्या वर्षी तुम्ही मुलांशी बोललात, यंदा आत्ताच त्यांच्या आयांशी बोला, आणि तक्रार म्हणून नको. आईला घेऊन जा, चहाला बसा, त्यांना आईचा इन्हेलर दिसू दे. आईच्या डॉक्टरांना दिवाळीच्या आधी भेटून औषधाचं विचारून ठेवा. त्या दोन-तीन रात्री त्यांची झोपायची खोली पोडियमच्या उलट्या बाजूला करा. दमट रुमाल धुरातल्या बारीक कणांना अडवत नाही, एन-95 मास्क आणून ठेवा. आणि पाडव्यापर्यंत सकाळचं फिरणं बंद, कारण थंडीच्या सुरुवातीला रात्रीचा धूर वर जात नाही, सकाळी खालीच साचलेला असतो.

कोजागिरी तुमच्याकडे साजरी होत असेल तर तिथेच विषय काढा. होत नसेल तर दूध तुमच्याकडून. जळकी जाळी हवी असेल तर कळवा, माझ्या माळ्यावर पडून आहे.