‘अ‍ॅम्पॅसिटी’ला ‘वहनक्षमता’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधल्या (वीजजोडणीच्या सुरक्षेची नियमावली) मेटल-क्लॅड केबलच्या भागाचं मराठी करायचंय. त्यात ‘अ‍ॅम्पॅसिटी’ला ‘विद्युत वहनक्षमता’ आणि ‘मेटल-क्लॅड’ला ‘चिलखती’ म्हटलं तर चालेल का?

‘चिलखती’ नको. त्या कोडमध्ये ‘आर्मर्ड केबल’ हा निराळा प्रकार आहे. तिचा भाग ३२०, मेटल-क्लॅडचा ३३०. चिलखत म्हटलं की वाचकाला आर्मर्डच आठवणार. ‘धातुवेष्टित’ लिहा.

‘अ‍ॅम्पॅसिटी’ म्हणजे अँपिअर अधिक कपॅसिटी, त्यामुळे ‘क्षमता’ चटकन सुचते. पण क्षमता वस्तूच्या अंगची असते. दहा लिटरच्या बादलीत दहा लिटर मावतात, मग ती उन्हात ठेवा की सावलीत. तारेचं तसं नाही. कोडची व्याख्याच म्हणते: वापराच्या परिस्थितीत, तापमानाची मर्यादा न ओलांडता तार सतत वाहून नेऊ शकेल असा कमाल प्रवाह.

८ नंबरची (एडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचं अमेरिकन माप) तांब्याची तार घ्या, ९० अंश सेल्सिअसपर्यंत टिकणाऱ्या इन्सुलेशनची. कोडच्या तक्त्यात तिच्यापुढे ५५ अँपिअर आहेत, पण ते भोवतालचं तापमान ३० अंश धरून. जागा ४० अंशांची असेल तर ०.९१ ने गुणा, उरले ५०. प्रवाह वाहणाऱ्या तीन-तीन तारांच्या दोन केबल लांबवर एकत्र बांधल्या, तर तारा सहा होतात आणि ८० टक्केच धरायचे: ४०. शिवाय तार जिथे जोडायची ते टर्मिनल ७५ अंशांपुरतंच बनवलेलं असेल, तर थंड जागेत एकटी केबल टाकूनही ५० च्या वर जाता येत नाही. तार तीच, मग तिची ‘क्षमता’ कुठली म्हणायची?

म्हणून माझं मत ‘अनुज्ञेय प्रवाह’ला. तक्त्यातल्या ५५ ला नुसतं ‘तक्त्यातला प्रवाह’ म्हणा, दोन्हींना एकच शब्द वापरलात तर वाचणारा ५५ वरच थांबेल. ‘धारावाहकता’ असाही शब्द कोणी सुचवेल, पण वाहकता हा पदार्थाचा गुण, तो इथे ओढून आणू नये.

‘अनुज्ञेय’ जरा सरकारी वाटतो, कबूल. बोलताना मात्र आपण बरोबर बोलतो: ‘या केबलला पन्नास अँपिअर झेपतील का?’ आणि त्यावर लगेच उलट प्रश्न येतो, ‘टाकणार कुठे आहात?’