'डोक्याची गोळी' म्हणजे नेमकी कोणती?

मनाच्या औषधांवर प्रश्न मागवले, पत्रं भरपूर आली, पण निम्म्यांत औषधाचं नावच नाही. 'डोक्याची गोळी', 'झोपेची गोळी', 'ती छोटी पांढरी'. बीपीची गोळी आणि शुगरची गोळी आपण एक मानत नाही, मग इथेच सगळ्यांची एक मोट का बांधतो? पुढच्या वेळी चिठ्ठी बघून नाव आणि मिलिग्रॅम लिहा. ज्यांनी लिहिलं, त्यांतली ही पाच पत्रं.

मी 34 वर्षांची शिक्षिका. एसिटालोप्राम 10 मिलिग्रॅम सुरू होऊन आठ दिवस झाले. मन तसंच आहे, उलट मळमळतं आणि धडधडतं. गोळी लागू पडत नाही असं समजू का? (सातारा)

आठव्या दिवशी निकाल लावू नका. ही नैराश्याची गोळी. एका चेतापेशीने सोडलेलं सेरोटोनिन (पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन) तीच पेशी परत आत ओढून घेते. ही गोळी ते ओढून घेणं अडवते, आणि तेही पहिल्या काही तासांतच. मग बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी सहा, का लागतात? सेरोटोनिन वाढलेलं दिसताच पेशी आधी स्वतःच हात आखडता घेते. तो सैल व्हायला आणि पेशींमधले संबंध नव्याने जुळायला वेळ जातो. 'सेरोटोनिन कमी पडलं म्हणून नैराश्य आलं' हे सोपं गणित आम्ही डॉक्टरांनीच वर्षानुवर्षं सांगत आणलं, पण त्याला तसा भक्कम पुरावा मिळालेला नाही. गोळीने अनेकांना गुण येतो हे खरं. तिचं काम मात्र त्या गणिताइतकं सरळ नाही.

मळमळीचं कारण साधं आहे. शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन पोटाच्या बाजूला, आतड्यांत असतं. गोळी खाल्ल्यावर घ्या. आठवड्या-दोन आठवड्यांत बहुतेकांची मळमळ बसते. धडधड आणि अस्वस्थता मात्र डॉक्टरांना आजच फोनवर सांगा, डोस काही दिवस निम्मा करता येतो. घरात पंचविशीच्या आतलं कोणी ही औषधं सुरू करत असेल तर पहिले काही आठवडे जास्त लक्ष ठेवा. या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2004 मध्ये लहान व किशोरवयीन मुलांसाठी दिला आणि 2007 मध्ये तो 24 वर्षांपर्यंत वाढवला. असा विचार कोणत्याही वयात आला तरी पुढच्या तारखेची वाट बघू नका. डॉक्टर मिळाले नाहीत तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

सासूबाई 66 वर्षांच्या. तीन वर्षं एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र असलेली गोळी घेतात. आता बऱ्या आहेत. दोनदा बंद केली, दोन्ही वेळा झोप उडाली आणि चक्कर आली. व्यसन लागलं का? (कोल्हापूर)

एका गोळीत दोन स्वभावांची औषधं आहेत, गोंधळ तिथेच आहे. क्लोनाझेपाम पहिल्या रात्रीपासून शांत करतं, म्हणूनच ते लोकांना आवडतं. पण ते काही आठवड्यांपुरतं द्यायचं औषध. सवय लागते ती याची. तीच जुनी चिठ्ठी मेडिकलवाल्याला दाखवून तीन-तीन वर्षं गोळ्या आणल्या जातात, आणि आम्हीही चिठ्ठीवर 'किती दिवस' हे ठळक लिहीत नाही. या वयात त्याने विसराळूपणा वाढतो, रात्री बाथरूमला उठताना तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं.

एसिटालोप्रामची तलफ येत नाही, डोस आपोआप वाढत जात नाही. एकदम थांबवलं तर मात्र चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्नं, डोक्यात वीज चमकल्यासारखा झटका असा त्रास होतो. पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन ही नैराश्याचीच दुसरी औषधं सोडताना तो जास्त होतो. फ्लुओक्सेटिनला कमी, कारण ते शरीरातून रेंगाळत जातं.

जोडगोळी तोडून अर्धी केली की दोन्ही औषधं एकदम अर्धी होतात. म्हणून डॉक्टरांकडून आधी दोन वेगळ्या गोळ्या करून घ्या, मग क्लोनाझेपाम काही महिन्यांत पायरीपायरीने उतरवा. ते झटक्यात बंद केलं तर फिटसुद्धा येऊ शकते. आणि एकदा रक्तातलं सोडियम तपासा. उतारवयात एसिटालोप्रामने ते घसरतं, आणि सुस्ती-गोंधळ दिसला की घरचे म्हणतात, 'वय झालं'.

वडील 58, बायपोलरसाठी (कधी मन बेफाम उसळतं म्हणजे उन्माद, कधी नैराश्य) आठ वर्षं लिथियम. हात थरथरतात, तहान फार. आता गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक आणि बीपीसाठी नवी गोळी सुरू झाली, मीठ बंद करायला सांगितलं. एकादशीही करतात. चालेल ना? (सोलापूर)

नाही चालणार. या महिन्यातलं सगळ्यात काळजीचं पत्र हे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

लिथियम हे मिठातल्या सोडियमचं सख्खं भावंड. मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. शरीरात मीठ किंवा पाणी कमी पडलं की मूत्रपिंड सोडियम राखून ठेवतं, आणि त्याच्या जोडीने लिथियमही. गोळी तेवढीच, पण रक्तात ते चढत जातं. 1949 साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण पहिल्यांदा मांडला. त्याच वर्षी अमेरिकेत लिथियम क्लोराइड मिठाऐवजी विकलं जात होतं, तेही हृदयरोगामुळे मीठ तोडलेल्या माणसांना. त्यात माणसं दगावली आणि ते बाजारातून काढावं लागलं. पुढे कित्येक वर्षं तिथले डॉक्टर लिथियमला बिचकत होते.

तुमच्या घरात तीच जुळणी पुन्हा होते आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन लिथियम वाढवतात. बीपीच्या ज्या औषधांच्या नावाअखेरीस 'सार्टन' किंवा 'प्रिल' येतं, त्यांतली बहुतेकही वाढवतात, आणि नावापुढे 'एच' अक्षर असेल तर त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड असण्याची शक्यता मोठी. ते त्याहून वाईट. वर मीठ बंद. हाडांच्या आणि बीपीच्या डॉक्टरांना लिथियमचं सांगितलं होतं का? बहुधा नसेल, कारण 'ती' गोळी कुणाला सांगायची नसते.

आता करायचं काय: डायक्लोफेनॅक थांबवा, दुखलं तर पॅरासिटामॉल. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, तिन्ही चिठ्ठ्या एका डॉक्टरांपुढे ठेवा. याच आठवड्यात लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइड तपासा. रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्याआधी घ्यायची नाही. लिथियमचा रिपोर्ट साधारण 0.6 ते 1.0 मध्ये हवा, 1.5 च्या वर विषबाधा.

कप धरताना बोटांना येणारी बारीक थरथर आणि तहान लिथियमवर अनेकांना असते. मूत्रपिंड पाणी धरून ठेवायला कमी पडतं, म्हणून तहान. तेव्हा पाणी तोडू नका. पण हात जाड थरथरू लागले, चालताना झोक गेला, जीभ जड झाली, उलट्या-जुलाब लागले, तर पुढची गोळी न देता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. एकादशीला साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी खुशाल. सैंधव हेही मीठच आहे, तेही चालतं. निर्जळी मात्र या औषधावर कधीच नाही. विठ्ठल समजून घेईल.

सर्ट्रालिन सुरू झाल्यापासून बायकोजवळ जावंसं वाटत नाही. कसं सांगायचं? (पुणे, वय 38)

जसं मला लिहिलंत तसंच. इच्छा मंदावणं, वेळ लागणं हे सर्ट्रालिन, एसिटालोप्राम या गटातल्या औषधांत पुष्कळांना होतं, स्त्रियांनाही. डोस कमी करता येतो, मिर्टाझापिन किंवा ब्युप्रोपिऑनसारखं औषध बदलून देता येतं (पहिल्याने भूक आणि वजन वाढतं, दुसरं फिट येणाऱ्यांना चालत नाही). बायकोलाही कारण सांगा, नाहीतर ती भलतंच काही समजेल.

मुलगी 24, बायपोलर, व्हॅल्प्रोएटवर दोन वर्षं स्थिर. लग्न ठरलंय. सासरी कळू नये म्हणून लग्नाआधी गोळ्या बंद केल्या तर? (नाशिक)

लग्नाच्या तोंडावर बंद करणं ही सगळ्यात वाईट वेळ. जागरणं, हळदीचा डीजे, पाहुणे, पहाटेचा मेकअप. आणि झोप मोडली की उन्माद उसळतो. लपवलेलं मग मांडवातच उघडं पडेल.

पण गोळी बदलायला हवी, कारण वेगळं आहे. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर दर 10 बाळांत साधारण एकाला मोठं व्यंग असतं, आणि 30 ते 40 टक्के मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम दिसतो. बाळाच्या मज्जारज्जूची नळी पहिल्या चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येईपर्यंत उशीर झालेला असतो. 'दिवस गेले की बंद करू' हा हिशेब म्हणून चुकतो. बायपोलरचंच दुसरं औषध लॅमोट्रिजिन त्या मानाने सुरक्षित, पण उन्माद रोखायला कमी ताकदीचं, आणि ते फार सावकाश वाढवावं लागतं. घाई केली तर अंगावर गंभीर पुरळ उठू शकतं, आणि सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर वेग आणखी निम्मा. बदल पूर्ण व्हायला काही महिने धरा, तोवर गर्भनिरोधन पक्कं हवं.

मुलाला सांगावं असं माझं मत आहे, आणि ते मुलीने स्वतः सांगावं. वाटल्यास दोघांनी मिळून तिच्या डॉक्टरांना भेटावं. तारीख अजून छापली नसेल तर दोन-तीन महिने पुढे ढकला. छापली असेल तर हळदीचा कार्यक्रम दुपारी घ्या आणि रात्री दहाला तिला झोपू द्या.